जिजीला डोकं कळायचं

आमच्या घरात कोणी "डोकं दुखतंय" म्हणालं की जिजी हातातलं काम खाली ठेवायची आणि विचारायची, "कोनतं?"

नवीन माणूस गोंधळायचा. डोकं एकच असतं, त्यात कोणतं काय विचारायचं? पण जिजीच्या लेखी ते वाक्यच अर्धवट होतं. कोणी 'पाहुणे आलेत' म्हणालं तर कोणते, कुठले, किती भाकरी टाकायच्या हे विचारावंच लागतं ना, तसं. जिजी म्हणजे माझी सासू. रनाळ्याची. सगळं गावच तिला जिजी म्हणायचं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे लिहायला बसले की पुस्तकी मराठी आपोआप येते; पण जिजीचं बोलणं पुस्तकी केलं तर ते तिचं राहणार नाही आणि माझ्या कानांनाही पटणार नाही. म्हणून ते अहिराणीच ठेवते.

माझी तिची पहिली भेट सासरची मंडळी मला पाहायला आली तेव्हाची. माझं माहेर चिंचपाड्याच्या जवळ, वडिलांचं तिथे किराणा दुकान. त्या दिवशी नेमकी माझी अर्धशिशी उठली होती. शाळेत होते तेव्हापासूनचं माझं हे दुखणं. डावी बाजू धरते, मग उजेड नको, आवाज नको, कोणाचं तोंड बघायला नको. पण पाहुणे गाडीत बसलेत म्हटल्यावर माझं कोण ऐकतं? आईने गोळी दिली, नवी साडी नेसवली. मुलगी उजळ दिसावी म्हणून वडिलांनी बैठकीत पांढराफेक नवा दिवा लावला. त्या दिव्याखाली मी चहाचा ट्रे घेऊन आले आणि बसले. शिक्षण विचारलं, मी गप्प. स्वयंपाक येतो का विचारलं, मी गप्प. मुलगी मुकी आहे की काय, अशी पाहुण्यांत चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात एक ठेंगणी, रुंद कपाळाची बाई उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने दिवा बंद केला.

"अर्धशिशी शे पोरले," ती म्हणाली. "कोनी बोलू नका."

बैठकीत दिवेलागणीचा अंधार झाला.  "पन ताई, तुमी पोर देखाले उनात ना?" वडील म्हणाले.

"देखी लिधी," जिजी म्हणाली आणि अंधारातच चहा प्यायली.

परत जाताना गाडीत म्हणे बरीच खडाजंगी झाली. दुखणेकरी मुलगी कशाला करायची, असं चुलतसासऱ्यांचं म्हणणं होतं. जिजीने एकच सांगितलं, "अनवळखी दुखनापेक्षा वळखीनं दुखनं बरं." तिला स्वतःला तरुणपणापासून अर्धशिशी होती, हे मला लग्नानंतर कळलं. गल्लीतल्या बायका तिला चिडवायच्या, "जिजी, एक घरमा दोन अर्धशिश्या, मंग भाकरी कोन टाकी?" त्यावर तिचं उत्तर तयार असायचं. "जिन्हं उतरी ती."

तिच्या मते डोक्याच्या जाती होत्या, जशा कापसाच्या असतात. आणि त्या ती माणसाकडे नुसतं बघून ओळखायची, निदान तिचं तसं म्हणणं होतं. उन्हाचं डोकं घेऊन आलेला माणूस ओसरीवर बसायच्या आधी पाणी मागतो. सर्दीचं डोकं असलेला वाकून चपला काढत नाही, पायानेच ढकलतो, कारण वाकलं की कपाळात दगड घरंगळल्यासारखं होतं. उपासाचं डोकं चिडकं असतं. चतुर्थीला कोणी सून भांडी आदळू लागली की जिजी पलीकडून ओरडायची, "तिन्हासंगे बोलू नका रे, आगोदर तिले भगर खावाडा!" काळजीचं जे डोकं असतं त्याला ती 'फडकानं डोकं' म्हणायची. चारी बाजूंनी कोणी फडकं आवळल्यासारखं होतं, रोज होतं, पण माणूस त्यातच कामंही करतो, जेवतोही. त्यावर गोळ्या खाणाऱ्यांना ती म्हणायची, "गोळी डोकाले लागस, काळजीले नही लागत." मग त्या माणसाला शेजारी बसवून शेंगा फोडायला लावायची आणि तो काय बोलतो ते ऐकत राहायची.

शेजारच्या घरात एक नवी सून होती. तिची नणंद माहेरी आली की हिचं डोकं हमखास दुखायचं. सासू कुरकुरत जिजीकडे आली, की नाटक करते हो, खोटं आहे. जिजी म्हणाली, "डोकं खोटं शे. पन दुखनं खोटं नही शे. पडू दे तिले घडीभर." ती सासू फणफणत गेली खरी, पण त्या मुलीला त्या दिवशी झोपायला मिळालं.

एका डोक्याला मात्र ती घाबरायची. कापसावर फवारणी करून, पाठीवरचा पंप न उतरवताच कोणी "डोकं धरलंय" म्हणत आला की जिजी त्याला ओसरीवर टेकूसुद्धा द्यायची नाही. "पयले कपडा काढ, साबन लाईसन आंग धव, मंग सरळ दवाखानामा जाय!" एकदा कोणीतरी "जरा लिंबूपाणी पाजू" म्हणालं तर तिने त्याचा असा उद्धार केला की तो बिचारा आमच्या दारावरून जायचंच विसरला. दवाखान्याला ती कधी आडवी आली नाही. "हाई मन्हा वळखनं नही" एवढं ती म्हणाली की समजायचं, गाडी काढायची.

बढाईखोरही ती भरपूर होती, हे सांगायला हवं. "नंदुरबारना डॉक्टर मशीनमा घालस, मी नजरमा घालस," असं ती चारचौघांत म्हणायची. डोकं ओळखण्याच्या कामात दुसऱ्या कोणाचं नाव घेतलेलं तिला खपायचं नाही. कोणी म्हणालं की अमक्या गावच्या वैदूने अमकीचं डोकं बरोबर सांगितलं, तर ही लगेच, "अरे, त्यानी काय सांगं? मी तं तिले पायरीवरच वळखी लिधं व्हतं."

आणि चुकायचीही. पलीकडच्या सिंधूबाईंनी एका श्रावणात चहा सोडला. दोन-तीन दिवसांत त्यांचं डोकं जे धरलं ते सुटेना. जिजीने त्यांना दारात उभं करून निरखलं आणि निकाल दिला, चष्म्याचं डोकं. डोळे तपासण्याच्या शिबिराला त्यांना स्वतः घेऊन गेली, चष्मा करवला. चष्म्याने सिंधूबाईंना एका पायरीच्या दोन दिसायला लागल्या, डोकं होतं तसंच. श्रावण संपला, सिंधूबाईंनी कपभर कडक चहा घेतला आणि तासाभरात डोकं मोकळं. त्या तरातरा आमच्याकडे आल्या आणि चष्मा जिजीपुढे ठेवला. जिजीने तो उचलला, पदराने पुसला आणि परत त्यांच्या नाकावर चढवला. "ऱ्हाऊ दे माय," ती म्हणाली, "तुन्हं तोंड भारी दिसस त्यामा." सिंधूबाई अजूनही तो घालतात, फोटो काढायचा असला की.

माझी अर्धशिशी उठली की घर बदलून जायचं. जिजी खिडकीला गोधडी लावायची, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून डाळ पातेल्यात शिजवायची. माझ्या नवऱ्याने दारातून "कसं वाटतंय?" विचारलं तर हातानेच हाकलायची. मला ती एक शब्द विचारायची नाही, कारण मी उत्तर देत नाही हे तिला ठाऊक होतं. नुसती येऊन माझ्या पायाचे अंगठे धरून बघायची. गार असले की अजून आहे, गरम झाले की उतरायला लागलं. माझ्या जन्मदात्या आईने माझं दुखणं इतकं सांभाळलं असेल, पण असं वाचलं नव्हतं, हे मी तेव्हा मनात म्हणायचे आणि मनातच ठेवायचे. तिचं डोकं उठलं की मीही तसंच करायचे. आमच्या दोघींचं नातं घट्ट झालं ते असं, अंधारात, न बोलता.

मग मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. ओटी भरून, हिरव्या बांगड्या भरून जिजीने मला माहेरी पाठवलं आणि रोज सकाळी फोन करायचा नेम धरला. माझ्या आईला ते थोडं लागायचं. "आमी काय पोरले उपाशी ठेवतस का?" असं ती पुटपुटायची, पण फोन आणून द्यायची.

आठवा महिना होता. एक दिवस डोकं दुखायला लागलं आणि दुसऱ्या सकाळीही दुखतच होतं. आईने सगळं जुनं, ओळखीचं केलं. खिडकीवर गोधडी, कपाळावर ओलं फडकं, भावाच्या पोरांना दटावणी. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगत होती, "काही नही, तिन्हं लहानपनपशी शे." मीही तेच म्हणत होते. माझं डोकं मला नाही कळणार तर कोणाला? जरा जास्त आहे, एवढंच. आठवडाभराने तपासणीची तारीख होतीच.

जिजीचा फोन आला. मी म्हणाले, डोकं उठलंय, नेहमीचंच. आणि मग गप्पा मारत बसले. भावाच्या शेळीला दोन पिल्लं झाली. मावशी येऊन गेली. ओटीच्या बांगड्या हातात रुतायला लागल्या, त्यावरून मावशी म्हणाली की पोरीला माहेरचं खाणं चांगलंच मानवलंय. मी हसले. पलीकडून जिजी हसली नाही.

"तू बोली ऱ्हायनी," ती म्हणाली.

"मग?"

"अर्धशिशीमा तू बोलस?"

 लग्न झाल्यापासून डोकं उठलेलं असताना मी तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. मला पाहायला आली तेव्हासुद्धा नाही.

"कोनतं शे?" तिने विचारलं. तिचा आवाज एकदम उतरला होता. "खरं सांग. एक बाजू का बठ्ठं?"

कपाळ भरून होतं, दोन्हीकडे. डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. उजव्या बरगडीखालीही दुखत होतं, पण ते मी जेवणावर ढकललं होतं. हे सगळं मी तिला सांगितलं आणि सांगता सांगता मलाच भीती वाटायला लागली.

"मायले फोन दे."

फोनवरचं जिजीचं बोलणं मला बाजूला बसून ऐकू येत होतं. "इहीनबाई, हाई डोकं तिन्हं नही शे. आतेच गाडी करा, चिंचपाडाले दवाखानामा चाला. मी तठेच येस."

आई म्हणाली, "बाई, मन्ही पोर शे. तिन्हं डोकं मी लहानपनपशी देखी ऱ्हायनी."

"मी तुमना पाय पडस. मंग मले काय शिव्या देवाना त्या द्या. पन आते निंघा."

आईने फोन ठेवला. तिचा चेहरा लाल झाला होता. लेकीच्या बाळंतपणात सासूने ढवळाढवळ करायची, आणि तीही माहेरच्या घरात? तिने फडकं परत ओलं केलं आणि माझ्या कपाळावर ठेवलं. तिच्या हाताला राग होता, तरी तो हात मायेचाच होता. मला आज त्या माउलीचं फार वाईट वाटतं.

जिजी तिथे थांबणारी नव्हती. तिने वडिलांच्या दुकानात फोन लावला. थोड्याच वेळात वडील ओळखीची जीप घेऊन दारात हजर. गिऱ्हाईक उभं असताना त्यांनी शटर ओढलं होतं. आई काही बोलणार तोच ते म्हणाले, "चाल, बठ गाडीमा. ती बाई रडी ऱ्हायनी." जिजी रडते हे मी कधी पाहिलं नव्हतं. आईनेही नसावं, कारण ती निमूट गाडीत बसली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डोकं आधीपासून दुखतं का?" आई सवयीने हो म्हणाली. मग त्यांनी दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं. परत मोजलं. त्यानंतरचं मला तुटक आठवतं. सुई टोचली, वडिलांची सही घेतली. हातांवर इतकी सूज होती की बांगड्या साबणानेही निघेनात, त्या फोडाव्या लागल्या. हिरव्या बांगड्या फुटल्या तेव्हा आई किंचाळली, ते मात्र स्पष्ट आठवतं. मग ऑपरेशन. मुलगी झाली, तळहाताएवढी, तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं की बीपी फार चढलं होतं, आणखी थोडा वेळ गेला असता तर झटके आले असते आणि मग दोघींपैकी कोणाचंच सांगता आलं नसतं.

जिजी आणि माझा नवरा पोचले तेव्हा मी आत होते. पुढचं सगळं मला नवऱ्याने सांगितलं. आई व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, पाणीही घेत नव्हती. "मी माय शे आनि मले कळनं नही," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. जिजी तिच्याजवळ जाऊन बसली.

"तुमी तिले जनमपशी वळखतस, म्हनीसनच चुकनात," ती म्हणाली. "रोजनं मानूस घरमा उनं का आपन त्यानं तोंड देखतस का? मी नवी शे. मी देखी ऱ्हास."

मग तिने जे सांगितलं ते तिच्या पोटच्या मुलालाही माहीत नव्हतं. तिची एक धाकटी बहीण होती. अशीच भरल्या दिवसांत माहेरी आलेली. डोकं दुखतं म्हणून निजली. त्या दोघींची आई म्हणाली, निजू द्या पोरीला. ती पुन्हा उठलीच नाही.

"बहीन गयी ती गयी," जिजी म्हणाली. "पन लोकेस्नी मन्ही मायले जलमभर बोल लावात. पोर मरी ऱ्हायनी व्हती नि मायनी निजू दिधी, आशे. ती पानी भराले गयी तरी बोलेत. ती मरी गयी तवयबी तेच बोलेत. इहीनबाई, तुमले मी बोल लागू देनार नही."

आणि तिने तो लागू दिला नाही. संध्याकाळी नातेवाईक जमले, कसं कळलं म्हणून विचारू लागले, तर जिजी ठणठणीत आवाजात म्हणाली, "इहीनबाईनी वळखं ना. मले तिस्नाच फोन उना, का हाई डोकं पोरनं रोजनं नही शे म्हने. माय ती मायच ऱ्हास." आई तोंड उघडायला गेली तर जिजीने तिच्या मांडीला असा चिमटा काढला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लोकांना ते कौतुकाचं वाटलं.

बारशाला जिजीने हेच सांगितलं. रनाळ्याला परत आल्यावर गल्लीत सांगितलं. वर्षानुवर्षं सांगत राहिली, दर वेळी थोडं मीठमसाला लावून. शेवटी शेवटी तर आईने काजवे कसे ओळखले, बांगड्या कशा चाचपल्या, याचंही साग्रसंगीत वर्णन व्हायचं. आई पाहुणी म्हणून यायची तेव्हा हे ऐकताना मान खाली घालून बसायची. "चहा ल्या इहीनबाई," म्हणून जिजी तिच्या हातात कप द्यायची, म्हणजे तोंड बंद. एकदा मी जिजीला म्हणाले, आता पुरे झालं, मुलगी शाळेत जायला लागली. ती म्हणाली, "तुन्हं काय जास? मन्ही जीभ, मन्हं खोटं."

गेल्या हिवाळ्यात जिजी गेली. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. डोक्याची तक्रार शेवटपर्यंत केली नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की लोक दारावर येतात. बायका घोळक्याने येतात, उंबऱ्याशी बसतात आणि गेलेल्या माणसाचे गुण गात हेल काढून रडतात. त्या रडण्याला कोणी मध्ये तोडत नाही, हा रिवाज. माझी आई चारचौघांत रडणारी बाई नाही. स्वतःच्या भावाच्या दारावरही ती नुसती बसून राहिली होती. पण त्या दिवशी ती जीपमधून उतरली ती पदर डोळ्यांना लावूनच. उंबऱ्यावर टेकली आणि तिने हेल काढला.

"मन्ही पोरनं डोकं तूच वळखं ओ माय... मी तं निजाडी दिधं व्हतं तिले... मन्हं नाव तू करं ओ माय... मन्हा बोल तू झाकी दिधा..."

ओसरीवर रनाळ्याच्या सगळ्या बायका होत्या. मला वाटलं, आता काय होतंय. माझी मुलगी माझ्या पाठीशी उभी होती, तीही पहिल्यांदाच हे ऐकत होती. आई रडतच राहिली आणि सगळं सांगत राहिली, फोन, गोधडी, राग, व्हरांड्यातला बाक. कोणी मध्ये बोललं नाही. रडणं ओसरल्यावर सिंधूबाई पुढे सरकल्या आणि त्यांनी आईच्या पाठीवर हात ठेवला.

"इहीनबाई," त्या म्हणाल्या, "आमले ठाऊक व्हतं."

आईने डोळ्यांवरचा पदर काढला.

"आवो, जिजी आनि दुसरानी डोकं वळखं आशे सांगी? ते खोटंच ऱ्हाई ना! पयला दिनलेच वळखी लिधं आमी. पन ती सांगे, आमी ऐकी लेऊत."

बाकीच्या बायकांनी डोळे पुसत माना हलवल्या. एकदोघी रडता रडता हसल्याही. आई सिंधूबाईंच्या गळ्यात पडली. इतकी वर्षं माझ्या आईला बोल लागू नये म्हणून आमची अख्खी गल्ली जिजीचं खोटं खरं मानून ऐकत आली होती, आणि आम्हाला वाटत होतं की ते फक्त आमच्या घरातच माहीत आहे.